ग्रीष्माची घरे, पौषाची थंडी : ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीचा एक अलिखित अध्याय

इतिहास लिहिताना आपण लढाया, तह आणि वंशावळी ह्यांना अग्रस्थान देतो, व ते योग्यच आहे. परंतु ज्या माणसांनी त्या लढाया केल्या व ते तह लिहिले, ती माणसे पौषातील रात्री कशी काढीत असत, हा प्रश्न आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच विचारला जातो. विषय क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. मला तो तसा वाटत नाही. माणूस परमुलुखात जाऊन राहतो तेव्हा तो भाषा, देव आणि चालीरीती बरोबर नेतो. पण हवा मात्र त्याला तेथलीच स्वीकारावी लागते. ह्या स्वीकाराचा इतिहास त्याच्या घराच्या भिंतींत आणि अंथरुणा-पांघरुणांत लिहिलेला असतो. ग्वाल्हेरातील खासगी बाजारात ज्याचा जन्म झाला, आणि ज्याचे आयुष्य दगडी घरात व दगडी शाळेत गेले, अशा एका शिक्षकाने हा अध्याय वाचण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम भूगोल पाहू. पुणे साडेअठराव्या अक्षांशावर आहे, तर ग्वाल्हेर सव्वीसाव्या अक्षांशाच्याही किंचित उत्तरेस. समुद्र दूर, आणि उत्तरेकडील मैदान मोकळे. त्यामुळे येथे वर्षाची दोन टोके एकमेकांपासून फार लांब पडतात. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो. जानेवारीत रात्रीचे सरासरी तपमान ७ अंशांच्या आसपास असते, आणि थंडीची लाट आली म्हणजे ते दोन-तीन अंशांपर्यंतही उतरते. हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी प्रदेशात किमान तपमान ४ अंश किंवा त्याहून खाली गेले म्हणजे थंडीची लाट समजावी. ह्या व्याख्येत बसणाऱ्या रात्री आम्हांस नवख्या नाहीत. तरीही 'उष्ण देश' असेच आपण ह्या मुलखाला म्हणतो, आणि हाच आपल्या विषयाचा गाभा आहे. वर्षातले आठ महिने ज्या देशाला उष्ण म्हणावे लागते, तो थंडीच्या दोन महिन्यांसाठी घर बांधीत नाही.

मराठ्यांची उत्तरेतील थंडीशी ओळख सुखाची झाली नाही. १७६० सालच्या ऑक्टोबरअखेरीस भाऊसाहेबांचे सैन्य पानिपतास पोहोचले, व १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी ह्या दिवशी रणात उतरले. मधले अडीच महिने वेढ्यात, अपुऱ्या अन्नावर आणि अपुऱ्या वस्त्रांवर गेले. दख्खनच्या हवेत वाढलेल्या माणसांना व जनावरांना त्या हिवाळ्याने किती पोखरले, ह्याचा हिशेब तोफांच्या हिशेबात सहसा धरला जात नाही. पण उपाशी देहाला थंडी दुप्पट लागते, हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही. त्या रणातून पायाला जन्माची जखम घेऊन महादजी शिंदे जिवंत परतले, आणि पुढे त्यांनीच उत्तरेत मराठी सत्तेची पुनःस्थापना केली. म्हणजे ज्या घराण्याने मराठी माणसाला ग्वाल्हेरात आणून वसविले, त्या घराण्याला उत्तरेचा पौष चांगलाच ठाऊक होता.

महादजींचे उत्तराधिकारी दौलतराव ह्यांनी १८१० साली उज्जयिनी सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. तळ उठला नाही. त्याचेच शहर झाले, आणि त्या शहराचे नाव आजही 'लष्कर' असेच आहे. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ साली ह्याच फिरत्या छावणीबरोबर होता, आणि त्याने तेथून लिहिलेली पत्रे १८१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. छावणी म्हणजे राहुट्यांचे गाव. उष्णता अडविण्याच्या दृष्टीने पाहिले तर राहुटी हे सर्वांत दुबळे घर होय. तेव्हा आमच्या पूर्वजांचा ग्वाल्हेरातील वास कापडी भिंतींत सुरू झाला, आणि दगडी भिंत त्यांना नंतर लाभली.

दगडी भिंत लाभली खरी. पण ती कशासाठी लाभली हे पाहण्यासारखे आहे. लष्करातील जुन्या मराठी घरांचा आराखडा दख्खनी आहे. दिंडी, चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर व स्वयंपाकघर, एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन. 'वाडा' हा शब्दही आम्ही आणला. महाराजवाड्यास आता सारे शहर 'बाडा' म्हणते, आणि खासगी बाजार हे नावही त्याच बोलीचे. राजघराण्याच्या घरगुती मालमत्तेची व खर्चाची व्यवस्था म्हणजे 'खासगी'. तो मराठी दरबारी शब्द हिंदी शहराच्या पाट्यांवर अजून टिकून आहे. आराखडा असा आपला असला तरी साहित्य मात्र येथले. दख्खनेत लाकडी सांगाडा, पांढऱ्या मातीची किंवा विटांची भिंत आणि वर माळवद किंवा कौले असत. येथे आसपासच्या डोंगरांत वालुकाश्म मुबलक असल्यामुळे भिंती दगडाच्या, खांब दगडाचे, सज्जे व जाळ्या दगडाच्या, आणि छपरही दगडाच्याच लांब फरश्यांचे. ह्या फरश्यांना येथे 'पटिया' म्हणतात, आणि पटियांनी छावलेल्या साध्या घराला 'पाटौर'.

हे घर ग्रीष्माशी लढण्यासाठी बांधले आहे. हातभर वा त्याहून जाड भिंत दिवसाचे ऊन झेलते, ते सावकाश आत झिरपू देते, आणि ते आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. माणसे तोवर गच्चीवर निजावयास गेलेली असतात. खिडक्या लहान, सज्जे पुढे आलेले, चौकात सावली, जाळीतून वारा, अशी सारी रचना उन्हाला बाहेर ठेवण्याची आहे. परंतु जाड दगड उष्णतेला अडवीत नाही. तो तिला फक्त उशीर करतो. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय आपल्या हिवाळ्याचे कोडे सुटत नाही. वालुकाश्मातून उष्णता स्थिर हवेच्या मानाने सत्तर-ऐंशी पट सहजतेने वाहते. जाड भिंतीचे घर दिवस आणि रात्र ह्यांची सरासरी काढते व त्या सरासरीवर स्थिर राहते. उन्हाळ्यात दुपारच्या मानाने ही सरासरी सुसह्य असते. जानेवारीत मात्र दिवसा २२-२३ व रात्री ७ अंश असले तर सरासरी पंधरा अंशांचीच होते, आणि घराच्या आतले तपमान अहोरात्र त्या पंधराच्या आसपास घुटमळते. म्हणूनच ग्वाल्हेरात हिवाळ्याच्या दुपारी घरापेक्षा रस्ता ऊबदार असतो. पुण्याचा पाहुणा ह्याचे नवल करतो. आम्हांस त्याचे काही वाटत नाही.

ह्यात छपराचा दोष भिंतीहूनही मोठा. स्वच्छ आकाशाखाली रात्रभर उघडी पडलेली दगडी पटिया आपली ऊब आकाशाला देत राहते, आणि पहाटे तिच्याखाली निजलेल्या माणसाला डोक्यावर गारवा उतरत असल्यासारखे वाटते. त्यातून धुक्याचे दिवस आले म्हणजे पाहावयास नको. तीन-चार दिवस सूर्यदर्शन झाले नाही की भिंतीतील साठवण संपते, आणि धुके उठल्यावरही घर दोन दिवस थंडच राहते.

आपल्या पूर्वजांना ह्या गोष्टी कळत नव्हत्या असे समजणे चूक होईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तस्याशितीय नावाच्या सहाव्या अध्यायात, ऋतुचर्या सांगताना हेमंतात उष्ण भूमिगृहात किंवा घराच्या आतल्या गर्भागारात राहावे असा उपदेश आहे. जमिनीखालची खोली उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात ऊबदार असते, ह्याचे कारण असे की काही हात खोल गेल्यावर मातीचे तपमान वर्षाच्या सरासरीजवळ राहते. आमच्या किल्ल्यावरील मानमंदिर हे राजा मानसिंह तोमराने (राज्यकाल १४८६ ते १५१६) बांधले. त्याचे दोन मजले जमिनीखाली आहेत. परंतु भूमिगृह बांधणे हे राजाचे, फार तर सरदाराचे काम. कारकून, भिक्षुक, शिलेदार आणि गवई ह्यांच्या घरांना तळघर परवडत नसे. त्यांच्या वाट्यास जमिनीवरचा दगड आला. तेव्हा त्यांनी थंडीचा प्रश्न बांधकामाकडे न सोपविता दिनक्रमाकडे सोपविला.

ही व्यवस्था माझ्या लहानपणापर्यंत, म्हणजे १९७०-८० च्या दशकांपर्यंत, आमच्या आळीत पूर्णपणे चालू होती. माझी आजी सातारकडची. लग्न होऊन ग्वाल्हेरात आली तेव्हा तिच्या रुखवतात एक घोंगडी व दोन गोधड्या होत्या, आणि पहिल्याच पौषात त्या अपुऱ्या पडल्या, असे ती सांगे. सासूने तिला रजईची ओळख करून दिली. दसरा उलटला की पिंजारी आपली धनुकली घेऊन चौकात येई. वर्षभर दबून घट्ट झालेला कापूस तो पिंजून पुन्हा फुलवी, आणि त्या तारेचा टणत्कार दिवसभर घरात घुमे. आज विज्ञान सांगते की ऊब कापसात नसते. कापसाच्या तंतूंत अडकलेल्या हवेत असते, आणि म्हणूनच दबलेली रजई निकामी होते. आजीला तंतू आणि हवा ठाऊक नव्हती; पण 'कापूस निजला की माणूस जागा राहतो' असे ती म्हणे. आमच्या भिंतीला जे मिळाले नव्हते, ती अडकवून ठेवलेली हवा, ते आम्ही रात्री अंगावर घेत होतो.

दिवसाचा क्रम उन्हाच्या मागे चालत असे. सकाळी पूर्वेच्या गच्चीवर मुलांचा अभ्यास, दुपारी चौकाच्या उत्तरेकडील ओसरीत बायकांचे निवडणे-टिपणे, कारण हिवाळ्यातील कलते ऊन दक्षिणेकडून तेथपर्यंत पोहोचते, आणि तिसऱ्या प्रहरी वृद्धांच्या बाजा पश्चिमेच्या भिंतीशी. संध्याकाळ झाली की जाळ्यांवर गोणपाट पडत, शेगडी माजघरात येई, आणि घरातील सगळी माणसे एकाच खोलीत निजत. उन्हाळ्यात दहा खोल्यांत पसरलेले कुटुंब हिवाळ्यात दोन खोल्यांत आकसत असे. डोक्याला कानटोपी, अंगात कापूस भरलेली बंडी, पायांत जाड मोजे. आहारातही हाच विचार होता. दख्खनेतून आणलेला धनुर्मासाचा पहाटेचा नैवेद्य, भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, डिंकाचे व मेथीचे लाडू, आणि त्यांच्या जोडीला येथे शिकलेली मोरेन्याची गजक. संक्रांतीला काळे वस्त्र नेसण्याची आपली चाल पुण्याला केवळ शोभेची वाटत असेल. ग्वाल्हेरच्या गच्चीवर, उन्हात बसणाऱ्या बाईला, काळ्या लुगड्याचा उपयोग प्रत्यक्ष कळतो. डिसेंबरात भरणाऱ्या तानसेन समारोहात उघड्यावर रात्र काढणारे श्रोते शाली व रजया गुंडाळून बसलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ग्वाल्हेरची रसिकता आणि ग्वाल्हेरची थंडी ह्यांचा संबंध समजावून सांगावा लागत नाही.

ह्या बाबतीत आम्ही एकटे नव्हतो. काश्मीरची कांगडी फेरणाखाली धरली जाते. इराणातील कुर्सीत निखाऱ्यांवर चौरंग व त्यावर मोठी दुलई असते. जपानी कोतात्सूचे तत्त्व तेच. आणि स्पेनमध्ये गोल मेजाखाली निखाऱ्यांचे पात्र ठेवून जाड मेजपोस गुडघ्यांवर ओढून घेण्याची चाल होती. ह्या सर्वांत एक समान विचार दिसतो. घर ऊबदार करता येत नाही, तेव्हा माणसाला ऊबदार ठेवावे. जेथे हिवाळा दीर्घ व कठोर, तेथे मात्र माणसांनी घरच बदलले. जाड लाकूड, दुहेरी खिडक्या, भिंतीत भूसा किंवा लोकर, असे उपाय त्यांनी योजले. उत्तर हिंदुस्थानात इंग्रज आले तेव्हा त्यांनी आपल्या बंगल्यांत भिंतीतली चूल व धुराडे ठेवले. पण भिंत तीच उष्ण देशाची राहिली, आणि चुलीची बहुतेक ऊब धुराड्यावाटे बाहेर गेली.

येथपर्यंत वाचून कोणाच्या मनात जुन्या दिवसांविषयी गोडवा निर्माण झाला असेल तर तो थोडा आवरावा, अशी माझी विनंती आहे. ती व्यवस्था शहाणपणाची होती. पण ती अपुरी होती, आणि तिची किंमत घरातली काही माणसे इतरांहून अधिक देत असत. पहाटे चार वाजता थंडगार पाण्यात हात घालणारी सून, शेगडीच्या धुराने खोकणारे तान्हे मूल, आणि ज्याच्याकडे रजई भरण्याचेही पैसे नाहीत असा गडी, ह्यांना त्या व्यवस्थेत ऊब कमी मिळे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे हे तर प्राणाशी खेळणे होय. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असतो, आणि उत्तरेत आजही दर हिवाळ्यात त्याने झोपेतच माणसे दगावतात. माझी आजी १९८६ सालच्या जानेवारीत गेली. धुक्याचा चौथा दिवस होता. वैद्यांनी छातीत कफ झाल्याचे सांगितले. घरातले सारे 'वय झाले होते' म्हणाले. वय झाले होते हे खरेच. पण ती ज्येष्ठातला उन्हाळा सहज काढीत असे, हेही तितकेच खरे आहे.

माझी ही शंका केवळ नातवाची नाही, हे पुढे वाचनाने कळले. युरोपातील १९८८ ते १९९७ ह्या काळातील हिवाळी मृत्यूंचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हिवाळ्यात होणारी मृत्यूंची वाढ पोर्तुगालमध्ये सुमारे २८ टक्के, तर फिनलंडमध्ये अवघी १० टक्के आढळली. ज्या देशात थंडी कमी, तेथेच ती अधिक माणसे नेते. कारण तेथील घरे तिच्यासाठी बांधलेली नसतात. १३ देशांतील ७ कोटी ४० लक्ष मृत्यूंची छाननी करणारा दुसरा अभ्यास २०१५ सालचा आहे. त्याप्रमाणे ७.२९ टक्के मृत्यूंशी थंडीचा संबंध लागतो व ०.४२ टक्क्यांशी उष्म्याचा. आणि थंडीच्या वाट्यातील बहुतेक मृत्यू लाटेच्या दिवसांचे नसून साध्या, सौम्य थंडीच्या दिवसांचे आहेत. भारतातील मृत्यूंविषयी २०१८ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचाही कल असाच आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने थंड ऋतूत घरातील तपमान निदान १८ अंश असावे अशी शिफारस केली. आमच्या दगडी घराची सरासरी पंधरा, हे वर सांगितलेच आहे. हे तीन अंशांचे अंतर वृद्धांच्या रक्तदाबावर व श्वासावर पडते. ते कोणाच्या मृत्युपत्रकात लिहिले जात नाही.

आज परिस्थिती काय आहे? जुनी व्यवस्था मोडली, आणि घर मात्र सुधारले नाही. पटियांच्या जागी काँक्रीटचा स्लॅब आला. तो दगडाइतकाच उघडा. हातभर भिंतीच्या जागी वीतभर विटांची भिंत आली. ती रात्रीची थंडी आत यावयास उशीरही करीत नाही. चौक बुजले, शेजारी उंच इमारती उठल्या, आणि खालच्या मजल्यावरील वृद्धांचे ऊन हरपले. पिंजाऱ्याचा टणत्कार आमच्या आळीत ऐकू येत नाही. एका खोलीत निजणारे कुटुंब चार शहरांत पांगले, आणि वाड्यात दोन म्हातारी माणसे विजेच्या तापकाजवळ पाय धरून बसली आहेत. शाळेतही तेच. थंडी वाढली की जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शाळा उशिरा भरते किंवा काही दिवस बंद राहते. तो आदेश योग्यच असतो. पण मुलांना घरी पाठविताना माझ्या मनात नेहमी येते, की ह्यांतील पुष्कळांची घरे शाळेहूनही थंड आहेत.

उपाय नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तिने छपरातून वाहणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली असून ती दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकाला, १.२ वॉट अशी आहे. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून ह्याच्या सुमारे तिप्पट उष्णता वाहते. संहितेच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः उन्हाळा व विजेची बचत होती. तथापि छपरावर उष्णतारोधक थर घातला तर तो मे महिन्यात ऊन अडवितो आणि जानेवारीत ऊब. आपल्या पूर्वजांना एकाच ऋतूची निवड करावी लागली, कारण दगडाखेरीज त्यांच्यापाशी दुसरे साधन नव्हते. आपल्यावर ती सक्ती नाही.

आमच्या घरी सध्या हाच प्रश्न उपस्थित झाला आहे. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे की वाडा पाडून तेथे सदनिका बांधाव्या. जुन्या घरात आता कोणाला थंडी सोसवत नाही. त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे, आणि ते मी नाकारीत नाही. परंतु पाडून जे उभे राहील ते आजच्या रीतीने बांधले, तर थंडी तशीच राहील. फक्त चौकातले ऊन जाईल. म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून आईच्या खोलीपुरता एक प्रयोग केला. छपराच्या पटियांवर रोधक थर व त्यावर फरशी घातली, जाळीला आतून काचेची झडप बसविली, आणि दाराच्या फटी बुजविल्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक आम्ही त्या खोलीत टांगला, व दुसरा शेजारच्या खोलीत. पहाटेच्या वेळी दोहोंत तीन अंशांचे, क्वचित चार अंशांचे अंतर पडे. बंधूंनी ते आकडे पाहिले. अद्याप त्यांचे मत बदललेले नाही, पण पाडण्याची बोलणी पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबली आहेत.

शेवटी अकादमीच्या सभासदांस व शिक्षकबंधूंस एक सूचना करावीशी वाटते. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, देवास, धार, झाशी, सागर येथील जुन्या मराठी घराण्यांपाशी मोडीतील रोजकीर्दी व खर्चाच्या वह्या अजून असतील. कोळसा किती आणला, कापूस कितीचा, पिंजणावळ काय पडली, कोणाला धाबळी दिली, असल्या नोंदींकडे आपण आजवर रद्दी म्हणून पाहिले. त्या नोंदी वाचून काढल्या तर उत्तरेत गेलेल्या मराठी माणसाने परक्या ऋतूशी कसे जुळवून घेतले, आणि त्यात कोणाच्या वाट्यास ऊब आली व कोणाच्या वाट्यास नाही, हे कळेल. शाळांतून विद्यार्थ्यांना आपल्या आजी-आजोबांच्या खोलीतील तपमान पौष महिनाभर लिहून ठेवावयास सांगता येईल. त्याला एक तापमापक व एक वही पुरते. त्यातून इतिहासाची सामग्री तर मिळेलच. पण त्याआधी, कोणत्या घरात कोणते वृद्ध माणूस थंडीत एकटे बसले आहे, हे मुलांना कळेल, आणि ते कळणे अधिक निकडीचे आहे.